गच्चीवर ऐकलेला सूर्य

परवा कोठीच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करायला गेले होते. दुकानदार सोल्डरिंग करायला लागला आणि तापलेल्या राळेच्या वासाने मी थेट हिमायतनगरच्या आमच्या गच्चीवर पोहोचले.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते आणि घरोघरी केबल नुकतीच येऊ लागली होती. वसंतमामाने आणि मी भंगारातली जाळी आणून, उन्हाळाभर सोल्डरिंग करत खपून अँटेनाची एक मोठी छत्री बनवली होती. ती सूर्याकडे वळवली की त्याच्या रेडिओलहरींनी तिला जोडलेल्या स्पीकरमधली खरखर वाढायची. "डोळ्यांना दिसतो तो थोडासाच गं. बाकीचा सूर्य असा ऐकायचा," मामा म्हणायचा. भर ढगांतूनही तो पहिल्यांदा ऐकू आला, त्या दिवशी मी अक्षरशः नाचले.

परीक्षा संपवून एका दुपारी वर गेले, तर छत्रीचं तोंड भलतीकडेच होतं. तिच्यापासून निघालेल्या काळ्या वायरी गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या होत्या. मामा पान्याने नट आवळत होता.

"मामा, हे काय?"

"केबलसाठी उपग्रहाकडे वळवली. चाळीस घरं मिळाली बघ," तो मान वर न करता म्हणाला. "सूर्य कुठं पळून जातोय?"

"मला विचारायचं तरी!"

"तू नक्को म्हणाली असतीस."

त्याची नोकरी गेली होती, हे मला पुढे कळलं. आता त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, तरी ते वाक्य अजून बोचतं.

मी रागाने खाली आले. आई आणि शेजारणी टीव्हीपुढे बसल्या होत्या. चित्र इतकं स्वच्छ होतं, की मीही बसले आणि मालिका संपेपर्यंत उठले नाही.