कप्तानाचं पुढे काय झालं

मी यांना होकार दिला तो यांच्या इंग्रजीवर. दिसणं बेताचं, नोकरी साधी, कसबा पेठेत दोन खोल्या. पण मुलगा इंग्रजी सिनेमे बघतो आणि त्याला ते समजतात, एवढं कानावर आलं आणि मी पाघळले. तेव्हाची मी म्हणजे सदाशिव पेठेतलं एक ध्यान होते. दोन वेण्या, पाठ केलेली चार इंग्रजी वाक्यं आणि नाक थेट पर्वतीच्या उंचीवर. आधीचं एक चांगलं स्थळ मी केवळ मुलगा बशीतून चहा पितो म्हणून नाकारलं होतं. घरी मी स्वतः बशीतूनच प्यायचे, हा भाग वेगळा.

उत्तर कळवण्याआधी दोघांनी एक सिनेमा बघावा, असं माझ्या भावाने वडिलांना पटवलं. अटी दोन. वहिनी बरोबर जाईल, आणि दिवेलागणीच्या आत घरी. कॅम्पातल्या थिएटरात समुद्राखालचा एक गाजलेला सिनेमा लागला होता. वहिनी अर्थातच मधल्या खुर्चीत. पडद्यावर पाणबुडीचा दाढीवाला कप्तान काही बोलला, की हे वहिनींच्या कानात अर्थ सांगत आणि वहिनी तो माझ्या कानात ओतत. पकडून आणलेला खलाशी हा कप्तानाचा लहानपणी हरवलेला भाऊ आहे, हे मला असं कळलं. मी भारावून गेले. भलामोठा ऑक्टोपस आला तेव्हा तर वहिनींचाच हात धरून किंचाळले. पुढे पाणबुडीत पाणी शिरायला लागलं आणि वहिनी घड्याळ बघून म्हणाल्या, “चला, वन्सं.” शेवट न बघताच आम्ही निघालो. हे तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी हे उत्तर ऐकायला घरी आले, तर मीच आधी विचारलं, “वाचला ना हो तो कप्तान?”

हे जरा थांबले. मग म्हणाले, “वाचला. किनाऱ्याला लागला. पुढे नारळाची बाग केली त्याने.”

मी आत जाऊन आईला हो म्हणून सांगितलं.

त्यानंतर तो सिनेमा पुन्हा बघायचा विषय निघाला, की हे म्हणत, “काय बघायचंय त्यात? नुसतं पाणी.” परवा सुनेने टीव्हीवर शोधून लावून दिला आणि ती कामाला गेली. आता मला इंग्रजी कळतं. शाळेत शिकवता शिकवता मुलांबरोबर मीही शिकले. शिवाय खाली अक्षरं उमटत होती. हे खुर्चीच्या कडेवर बसले होते, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसे.

“अहो, हा भाऊबिऊ काही नाहीये त्याचा.”

“वहिनींनी बदललं असेल.”

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. आळ घ्यायला त्या सोयीच्याच.

“आणि हा म्हातारा प्रोफेसर आहे. तुम्ही स्वयंपाकी सांगितला होतात.”

“हा दुसरा सिनेमा असेल.”

“ऑक्टोपस तोच दिसतोय.”

यांनी रिमोटकडे हात नेला. मी तो आधीच पदराखाली ठेवला होता.

शेवट आला. कप्तानाला गोळी लागली आणि तो पाणबुडीबरोबर तळाला गेला. बागबीग काही नाही. इतकी वर्षं मी त्या माणसाला नारळांना पाणी घालताना डोळ्यांसमोर आणत होते. मुलांनाही तसंच सांगितलं होतं. हसावं की काय करावं, ते कळेना.

“तुम्हाला तेव्हा इंग्रजी येत होतं का हो?”

“नाही.” मग म्हणाले, “लोक हसले की हसायचो. बाकीचं जुळवायचो.”

लग्नानंतर हे रोज सकाळी इंग्रजी पेपर मोठ्याने वाचत. शेजाऱ्यांना ऐकवतात, असं वाटून मी खिडकी लावून घ्यायचे. तो अभ्यास चालला होता, हे मला आत्ता कळलं. मास्तरीण असून.

“पण तो बुडाला, हे दिसलं असेल ना? त्याला कुठे इंग्रजी लागतं?”

“दिसलं की. तू दारात उभी होतीस. तोंड एवढंसं करून विचारलंस. बुडाला म्हणून कसं सांगणार?”

दोन वेण्यांच्या त्या मुलीला माणसाची एवढी गोष्ट दिसली नव्हती. तिने खोट्या इंग्रजीला होकार दिला आणि दारातलं ते थांबणं सरळ ओलांडून ती आत गेली. तरी निभावलं. यात माझी हुशारी काडीची नाही.

पडदा काळा झाला होता. यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “खरं सांग. मला इंग्रजी येत नाही हे तेव्हा कळलं असतं, तर नाही म्हणाली असतीस?”

गोड काहीतरी बोलता आलं असतं. पण एका दुपारी दोघांनी थापा कशाला मारायच्या?

“हो,” मी म्हटलं. “नाहीच म्हटलं असतं.”

“म्हणूनच तर,” हे म्हणाले.