चौथ्या दिवसाचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. आमच्या कॉलेजचं श्रमदान शिबिर तिसगावच्या पलीकडच्या एका लहान गावात होतं. कोरड्या पडलेल्या गावतळ्यातला गाळ उपसायचा, म्हणजे पाऊस आला की पाणी साठेल, एवढंच काम. मी नाव का दिलं, ते तेव्हाही मला नीट सांगता आलं नसतं. माझं सगळं शिक्षण पुण्याच्या कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत झालेलं. घरी मराठीच होती, पण चारचौघांत बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असे. राबायच्या ठिकाणी फार बोलावं लागणार नाही, असं मी धरून चालले होते.

तसं झालं नाही. तळ्यात आम्ही एका रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे द्यायचो, आणि रांगेत सगळा वेळ थट्टामस्करी चाले. माझ्या हातात घमेलं आलं की कुणीतरी म्हणे, "मडम, सावकाश! गाळ आहे, केक नाही." मी हसायचे. ते हसू किती वेळ ठेवायचं, हे मात्र कधी कळलं नाही.

मुलींची राहायची सोय गावातल्या घरांत केली होती, प्रत्येक घरी दोघी. जोड्या लागल्या आणि मी एकटी उरले. मला मिळालेलं घर माळकरी होतं. घरात सासू आणि सून दोघीच. मुलगा जनावरं घेऊन छावणीवर राहायचा, अधूनमधून येऊन जायचा. त्यामुळे दारासमोरचा गोठा मोकळा होता. सासू गळ्यात तुळशीची माळ घालणारी, सोवळ्याओवळ्याला कडक. सून माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. मी तिला वहिनी म्हणे, ती मला ताई. याखेरीज आमचं फारसं बोलणं नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी सासू शेजारणीशी ओट्यावर बोलत बसली होती. वहिनी चार हातांवर राखेनं भांडी घासत होती.

"लगीन हून पाच वर्सं झाली," सासू म्हणाली. "आता आठ दिस वर गेल्यात. या खेपेला तरी इठ्ठल पावला तर बरं. न्हाईतर भनीला निरोप धाडलाय. बाजारादिवशी पोरीला घिऊन येतीया. एकदा बघून ठेवते."

"अगं, हिच्या म्होरं बोलतीस?"

"हिला काय चोरून हाय व्हय?"

वहिनीचा हात थांबला नाही. एकच तवा ती कितीतरी वेळ घासत राहिली.

त्या आठवड्याच्या अखेरीस माझी अडचण आली. आमच्या पुण्याच्या घरी बाजूला बसण्याची पद्धत आईनं कधीच बंद केली होती. इथे सांगितलं तर काय होईल, हे मला दिसत होतं. शेजारच्या घरातली एक बाई त्यांच्या गोठ्यात तशी बसलेली मी पाहिली होती. आमच्या गोठ्याला पुढून भिंत नव्हती. समोरूनच तळ्याची वाट जायची आणि सकाळी शिबिरातली सगळी मुलं त्याच वाटेनं गाणी म्हणत जायची. मी गप्प राहिले. माठाला हात लावायची मात्र भीती वाटे, म्हणून पाणी हवं असलं की वहिनीकडे तांब्या धरायचे. ती काही न विचारता वरून ओतायची.

कपडा वाळवायला जागा शोधत मी गोठ्याच्या मागे गेले. तिथे कुडाला एक फाटकं पोतं टांगलेलं होतं. ते उचललं, तर त्याच्या आड आधीच एक कपडा वाळत होता. जुन्या हिरव्या लुगड्याची घडी, नुकतीच धुतलेली.

मी पोतं खाली सोडलं आणि तशीच उभी राहिले. वहिनी त्या सकाळी चुलीपाशी होती. देवापुढे दिवा तिनंच लावला होता. बाजार तीन दिवसांवर आला होता.

शेवटी मी माझा पांढरा कपडा त्या हिरव्याशेजारी टाकला. दुसरी जागाच नव्हती. संध्याकाळी गेले तेव्हा माझा कपडा नीट घडी घालून ठेवलेला होता. म्हणजे तिलाही कळलं होतं. त्या दिवशी भाकरी वाढताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि ते पोतं उडालं. सासू गोवऱ्या आणायला मागे गेली आणि काठीच्या टोकावर दोन्ही कपडे घेऊन अंगणात आली.

"ही कुनाची?"

आत वहिनी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज बंद झाला.

मी ओट्यावर चप्पल घालत होते. एरवी वाक्य जुळवायला मला किती वेळ लागे! तेव्हा लागला नाही. "माझी," मी म्हणाले.

"दोन्ही?"

"दोन्ही. माझ्याकडे कमी पडलं, म्हणून वहिनींकडून जुनं मागून घेतलं."

सासूनं त्या हिरव्या कपड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आन् सांगायचं न्हाई व्हय पोरी? शिकल्याली ना तू? माठाला शिवलीस?"

"नाही. पाणी वहिनीच वरून ओततात."

"बरं झालं बाई! न्हाईतर येवढं सगळं पानी ओतून द्यावं लागलं असतं. ट्यांकर परवा येनार." तिला खरंच हायसं वाटलं. पाणी वाया नको म्हणून टोपलीभर कोरडी माती पसरून तिनं ओटा शुद्ध केला आणि माझी वळकटी गोठ्यात नेऊन टाकायला सांगितली.

आत भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली. आधीपेक्षा जोरात.

मातीला विटाळ नसतो, त्यामुळे तळ्यावर जायला हरकत नव्हती. पण सकाळी मुलांची रांग आली तेव्हा मी गोठ्यात, वेगळ्या ताटलीसमोर, सगळ्यांना दिसेल अशी बसलेली होते. गाणं मधेच तुटलं. त्या दिवशी रांगेत मला मडमही कुणी म्हटलं नाही, आणि त्या थट्टेची मला आठवण आली याचं नवल वाटलं. मुली दुपारी एकत्र जेवायला बसल्या. मी बाभळीखाली रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्ली.

मला वाटलं होतं, वहिनी निदान एकदा गोठ्याशी येऊन बसेल. ती यायची, दुरूनच भाकरी ताटलीत टाकायची, तांब्या भरायची आणि जायची. तिनं माझ्याशी बोलून चालण्यासारखं नव्हतंच. सासूची नजर होती. हे मला समजत होतं, तरीही रोज तिच्या पावलांचा आवाज आला की मी सरळ होऊन बसे.

बाजारादिवशी सासूची बहीण आली. सोबत जुनी, आखूड साडी नेसलेली एक मुलगी, पंधरा-सोळाची. ती गोठ्याकडे टक लावून बघत होती. ओट्यावरचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"थांब जरा," सासू म्हणाली. "सूनबाईचं लांबलंय. अजून घरातच वावरतीया. उगं घाई नगं."

"मंग बलीवलंस कशाला उन्हातान्हाचं?"

"च्या तर पी!"

उन्हं उतरल्यावर त्या दोघी परत गेल्या. महिन्याभराचीच सोय होती ती. पुढच्या खेपेला मी नसणार, हे मला माहीत होतं आणि वहिनीलाही.

चौथ्या दिवशी न्हायचं असतं. आदल्या दिवशी टँकर आला होता. सासूनं स्वतः दोन बादल्या न्हाणीत नेऊन ठेवल्या. "डोक्यावरनं घे," ती म्हणाली. "मंग घरात ये." त्या उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी एका माणसासाठी कुणी काढत नव्हतं.

मी एका बादलीत केस धुतले. दुसरीला हात लावला नाही. बाहेर येऊन अंगणात केस पंच्यानं पुसत उभी राहिले. "वहिनी," मी हाक मारली, "न्हाणीत घाण झालीय. जरा बघता?"

ती आत गेली. तट्ट्याआडून पाणी पडल्याचा आवाज आला, अगदी थोडा थोडा, जपून ओतल्यासारखा. सासू तुळशीपाशी होती. मी मुद्दाम तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पुण्यात पाऊस कधी येतो, नळाला पाणी किती वेळ असतं, असं काहीबाही सांगत राहिले. त्या गावात मी सगळ्यात जास्त बोलले असेन ती तेव्हा.

वहिनी बाहेर आली ती कपाळापर्यंत पदर ओढून. रिकाम्या बादल्या तिनं पालथ्या घातल्या आणि माझ्या अंगावरून स्वयंपाकघरात गेली. मानेपाशी तिचा पदर ओला झाला होता आणि तो डाग हळूहळू पाठीवर उतरत होता.

मी सासूच्या आणि दाराच्या मधे उभी राहिले. ऊन कडक होतं. वाळायला फार वेळ लागणार नव्हता.