नवरा शुक्रवारी असतो

बसडेपोत सगळे त्याला ‘पाना’ म्हणतात. तो तिथला मेकॅनिक, आणि त्याची बायको तिथेच बस चालवते. वर्षभरापासून दोघं वेगळी राहतात. सात वर्षांची मुलगी कोणाकडे राहणार, यावरून कुटुंब न्यायालयात त्यांचं भांडण चालू होतं; तारखा शुक्रवारी पडत.

पानाकडे मुद्दा एकच होता, पण भक्कम. मुलीची आई संध्याकाळी घरी नसते.

का नसते, हेही त्याला ठाऊक होतं. खराब ब्रेकची बस काढायला तिने नकार दिला. मॅनेजरने ‘बस ठीक होती, बाई कामचुकार’ असा ठपका ठेवून तिला कायमची संध्याकाळची पाळी लावली. त्याविरुद्ध ती कामगार न्यायालयात गेली. त्या बसचे ब्रेक उघडून पाहिले होते ते पानाने.

कामगार न्यायालयातल्या त्याच्या साक्षीच्या आदल्या दिवशी बहिणीने त्याच्यापुढे ताट आदळलं.

“पोरगी हवीय ना? मग तोंडाला कुलूप लाव. तिची पाळी बदलली की तुझ्या केसमध्ये उरतं काय?”

“काही नाही उरत, ताई.”

“मग? बायकोचा पुळका आला?”

“पुळका कसला! भांडकुदळ आहे ती, कोर्टात सांगतोच आहे मी. पण ते घरातलं. ब्रेक डेपोतले. लायनर झिजून लोखंड उघडं पडलं होतं.”

“मोठा हरिश्चंद्र लागून गेलास!”

दुसऱ्या दिवशी साक्षीत त्याने तेवढंच सांगितलं. मॅनेजरच्या वकिलाने हसून विचारलं, “तुम्ही हिचे नवरे ना?”

“इथे मेकॅनिक आहे. नवरा शुक्रवारी असतो, शेजारच्या इमारतीत.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. एका भांडणाचा राग दुसऱ्यात ओतणारी माणसं त्या खोलीने रोज पाहिली होती. असा माणूस बहुधा पहिलाच.

तिला सकाळची पाळी मिळाली. पुढच्या तारखेला कुटुंब न्यायालयात पानाच्या वकिलाने सवयीने संध्याकाळचा मुद्दा काढला. पाना उभा राहिला. “साहेब, ते आता खरं नाही.” वकिलाने कपाळाला हात लावला.

मुलगी आईकडे राहिली. बापाला रविवार मिळाला.

कोर्टाच्या जिन्यात बायको थांबली. “गप्प बसला असतास तर जिंकला असतास.”

“ब्रेक नव्हते त्या गाडीला.”

ती म्हणाली, “रविवारी दहाला आणून सोडते.”

“दहाला? आठला आण.”

“आठला ती उठते तरी का?”

“तू उठवलंस तर उठेल!”

आणि दोघं भांडतच जिना उतरली.