तारेतली जागा

बडबडी हे तिचं घरातलं नाव. ती बोलायला लागली त्याच वर्षी तिच्या दादाने ते ठेवलं आणि पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे गल्लीला ठाऊक होतं, शाळेला ठाऊक होतं आणि लग्नानंतर आठवडाभरात सासरलाही कळलं. अशा बाईने पोटापाण्यासाठी काम निवडलं काय, तर ज्यात महिनेच्या महिने मूग गिळून बसावं लागतं असं! नवऱ्याची तक्रार एवढीच होती, की त्या महिन्यांत साठलेलं सगळं बोलणं त्याच्या एकट्याच्या वाट्याला यायचं.

विजेच्या तारेतली जागा विकणं हे तिचं काम. म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ती खूश व्हायची. वारा असतो तिथे माणसं राहत नाहीत आणि माणसं राहतात तिथे वारा नसतो, म्हणून मधे तार लागते, अशी तिची सुरुवात ठरलेली. सरकारच्या तारा जुन्या आणि अपुऱ्या. मग एखादी खासगी कंपनी पुढे येते आणि म्हणते, आम्ही आमच्या जोखमीवर तार ओढतो, पण तिच्यातून वीज न्यायची असेल तर पुढच्या कित्येक वर्षांची जागा आत्ताच धरून ठेवा. "तार कुठे आहे पण?" ऐकणारा विचारायचा. तार नसायचीच. चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात भिंतीवर एक नकाशा असायचा आणि त्यावर टाचण्यांना गुंडाळलेला लाल दोरा. कर्ज देणारे म्हणायचे, आधी गिऱ्हाईक दाखवा. गिऱ्हाईक म्हणायचं, आधी कर्ज मंजूर झाल्याचं दाखवा. नेहमी इथेच घोडं अडायचं. दोघांच्या मधे बसून दोघांनाही धीर देत राहायचं, हे तिला उत्तम जमायचं. तरीही असे तीन दोरे तिने आपल्या हाताने भिंतीवरून उतरवले होते. टाचण्या डबीत भरताना तिला प्रत्येक वेळी रडू आलं आणि दार लोटून घेऊन ती मनसोक्त रडली.

चौथा दोरा पठारापासून शहरापर्यंतचा होता, आणि त्या पठारावर दादाच्या पवनचक्क्या होत्या.

वडील गेले तेव्हा दादा पंपांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचा. तांब्याच्या तारेने बोटं कापून घेत त्याने बहिणीला इंजिनिअर केलं आणि त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही. पुढे वर्कशॉप विकून, कर्ज काढून, त्याने पठारावर मोजक्या चक्क्या उभ्या केल्या. गंमत अशी की वारा सुटला की दादाचं तोंड उतरायचं. जोराचा वारा आला की सगळ्यांच्याच चक्क्या भरभरून वीज करायच्या, जुन्या तारेत ती मावायची नाही आणि नियंत्रण केंद्रातून फोन यायचा, बंद करा. सगळं पठार घोंघावत असताना दादाच्या चक्क्या पाती वळवून गप्प उभ्या राहायच्या. वहिनी म्हणायच्या, "वाऱ्याला शिव्या घालणारा पवनचक्कीवाला मी एकच पाहिला." स्वयंपाकघरातला रेडिओ मात्र दिवसभर चालू असायचा, हवामानाच्या बातम्यांसाठी. पाहुणे आले, भांडण झालं, तरी त्या रेडिओला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

नवी तार झाली आणि तिच्यात थोडी जागा मिळाली, तर दादाचा धंदा तरणार होता. नाहीतर कर्जाखाली हळूहळू बुडणार होता. हे तिला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं.

जागा विकायची एक रीत आहे. अर्जांची खुली मुदत जाहीर होते. तेव्हापासून मुदत संपेपर्यंत सगळ्यांना तीच माहिती, त्याच दिवशी. एकाने प्रश्न विचारला तर उत्तर सगळ्यांना. किती अर्ज आले, कुणाचे आले, तार होणार की बारगळणार, यावर कंपनीच्या माणसाने ताकास तूर लागू द्यायची नाही. आणि अर्ज करणाऱ्याने खाली सही करायची, की कंपनीच्या माणसाकडून मला आतलं काही कळलेलं नाही.

आपला भाऊ पठारावर आहे हे तिने पहिल्याच दिवशी लेखी सांगून टाकलं होतं आणि त्याच्या अर्जाशी आपला संबंध नको म्हणून बाजूलाही झाली होती. तरी तिने कंपनीच्या वकीलसाहेबांना विचारलं, "भावाकडे जेवायला जाऊ ना?"

"जा की. हवापाण्याच्या गप्पा मारा आणि या."

"साहेब, हवा हाच त्याचा धंदा आहे."

वकीलसाहेब हसले. "मग नुसत्या पाण्याच्या मारा."

तिने खरोखरच पाण्याच्या मारल्या. गळकी टाकी, वहिनींचा गुडघा, भाच्याची नवी नोकरी. दादा समोर बसून जेवत होता. त्याने काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. त्याच दिवशी सकाळी शहरातल्या एका बड्या गिऱ्हाइकाने तारेतली मोठी जागा धरली होती आणि कर्ज देणाऱ्यांनी मान डोलावली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिचा दोरा भिंतीवरून खांबांवर जाणार होता. एवढी बातमी पोटात घेऊन ती जेवली, वहिनींबरोबर भांडी पुसली आणि घरी आली. घरी पोचल्यावर नवऱ्याला म्हणाली, "जमलं बाई मला!" काय जमलं, हे तिने त्यालाही सांगितलं नाही.

मुदत संपली. जागा पूर्ण भरली. आणि घेणाऱ्यांत दादा नव्हता, कारण त्याने अर्जच केला नव्हता.

असं कसं झालं, याचा विचार करता करता तिला दादाचंच एक जुनं बोलणं आठवलं: ही गप्प बसली की समजावं, काहीतरी बिनसलंय. त्या दिवशी तारेबद्दल ती जेवणभर गप्प होती. म्हणजे दादाने धरलं की याही तारेचं काही खरं नाही, आणि नाद सोडला. आपल्या गप्प बसण्याने भावाला बुडवलं, ही बोच तिच्या मनात रुतून बसली. विचारायची हिंमत तिला झाली नाही, आणि दादाने आपणहून विषय काढला नाही. खांब उभे राहिले, तार ओढली गेली, वर्षं गेली. दादाच्या घरी ती जायची, पण जपून बोलायची. वय झालं आता बडबडीचं, असं नातेवाईक म्हणू लागले.

नवी तार सुरू झाली त्या मोसमात एकदा मोठा वारा सुटला. ती पठारावर गेली. टेकडीच्या धारेवर बड्या कंपन्यांच्या चक्क्या गरगरत होत्या आणि अलीकडे जुन्या तारेवरच्या दादाच्या चक्क्या पाती वळवून उभ्या होत्या. तिच्याने ते बघवेना. घरात शिरताच ती बोलून गेली, "दादा, मी मुद्दाम गप्प नव्हते रे. बोलायची बंदीच होती. तुला वाटलं तार होणार नाही, हो ना? माझ्यामुळे झालं हे सगळं."

दादाने चष्मा कपाळावर सरकवला. "गप्प? तू?"

"तारेबद्दल एक शब्द बोलले नव्हते मी!"

"शब्द नाही. भांडी पुसताना गुणगुणत होतीस. शाळेत निकाल लागला की घरात सांगायच्या आधी गुणगुणायचीस, तसंच." दादा सावकाश म्हणाला. "तेव्हाच कळलं मला, तार होणार. नक्की होणार."

"मग अर्ज का नाही केलास?"

"खाली सही करायची होती ना, आतलं काही कळलं नाही म्हणून. कळलं होतं की."

"अरे, गुणगुणणं म्हणजे काय सांगणं झालं?"

"मला कळलं ते कळलं."

आतून वहिनी म्हणाल्या, "मीही हेच म्हटलं होतं, वन्सं. गाण्याला साक्षीदार कोण आहे, असं विचारलं, तर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत हे."

तिला आधी दादाचा राग आला. एवढा ताठा काय कामाचा, कर्ज ताठ्याने फिटतं का, असं ती त्याला तोंडावर म्हणाली. मग स्वतःचा राग आला. इतकी वर्षं आपण गप्प राहिल्याचं दुःख केलं, आणि गप्पच तर राहता आलं नव्हतं. दादा उठला, रेडिओचा आवाज वाढवला आणि वाऱ्याच्या बातम्या ऐकू लागला. त्या दिवसानंतर तिने पुन्हा मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली, पण भांडी पुसायला मात्र ती उठायची नाही.

दादाने कसाबसा तग धरला. पंपांच्या मोटारी दुरुस्त करायची कामं पुन्हा घेऊ लागला, या वयात, पुन्हा बोटं कापून घेत.

खांब उभे केले होते ते दोन बाजूंचे होते. एका बाजूला तार, दुसरी बाजू रिकामी. येता-जाता तिची नजर त्या रिकाम्या बाजूकडे जायची. अखेर कंपनीने दुसरी तार ओढायचं ठरवलं आणि नवी खुली मुदत जाहीर व्हायची वेळ आली. आदल्या दिवशी तिने दादाला फोन केला.

"उद्यापासून मी येणार नाही. फोनही करणार नाही. तुम्हीही करू नका."

"आणि गुणगुणायचं असेल तर स्वतःच्या घरात," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

ही मुदत तिला फार जड गेली. नेमकं याच काळात वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिने नवऱ्याला पाठवलं, स्वतः गेली नाही. सख्खी नणंद हॉस्पिटलात फिरकली नाही, असं चार लोक बोलले, ते तिच्या कानावर आलं. तिने ऐकून घेतलं. वहिनींनी तिच्या नवऱ्याबरोबर निरोप पाठवला, "वन्संना सांगा, पाय ठीक आहे. यायचं नाही म्हणजे नाही." त्या निरोपावर ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. दादाने अर्ज केला की नाही, हे तिने कुणाला विचारलं नाही. ऑफिसात कुणी पठाराचं नाव काढलं की ती चहाच्या मशिनपाशी जाऊन उभी राहायची.

मुदत संपली, निवड झाली. ती जाहीर झाल्यावर वकीलसाहेब तिच्या टेबलापाशी आले. "तुमच्या भावाला जागा मिळाली," म्हणाले. "आता जा हवापाण्याच्या गप्पा मारायला."

ती तशीच निघाली. दार दादानेच उघडलं. मागे वहिनी काठी टेकत उभ्या होत्या.

"झालं ना सगळं? आता बोल," दादा म्हणाला. "काय बोलायचं ते बोल."

बडबडीने तोंड उघडलं, पण एक शब्द फुटेना. ती वहिनींच्या गळ्यात पडली, मग डोळे पुसत सरळ स्वयंपाकघरात गेली. दादा मागोमाग आला. ओट्यावर जेवणाची धुतलेली भांडी निथळत होती. तिने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि एकेक भांडं पुसू लागली. रेडिओवर उद्याच्या वाऱ्याचा अंदाज सांगत होते. तिसऱ्या-चौथ्या ताटाला ती गुणगुणायला लागली, हे तिचं तिलाही कळलं नाही.

दादाने हात लांबवून रेडिओ बंद केला.