वरचं खाणं

"ही मुकी आहे की इंग्लिश मीडियमची?"

स्वयंपाकघरातून आलेला हा प्रश्न माझ्याबद्दल होता. विचारणाऱ्या आजींची समजूत अशी होती की आपण तो हळू विचारलाय. पण भाईंदर पूर्वेच्या त्या घरात हळू आवाजाला जायला वेगळी जागाच नव्हती. चहाला मदत करायला आत गेलेली त्यांची सून म्हणाली, "आई, हळू. ऐकू जातं बाहेर."

"ऐकू येतं ना तिला? मग बोलत का नाही?"

मी बाहेर सतरंजीवर बसले होते. समोर त्यांचा नातू पालथा पडून माझ्या बुटांच्या लेसकडे एकटक बघत होता. आजींचे दोन्ही अंदाज थोडेथोडे बरोबर होते, त्यामुळे रागावायला काही उरलं नव्हतं. शाळेत मी मराठी शिकले ती मार्कांपुरती. मला 'उपरोक्त' येतं, पण 'पालथं' हा शब्द मला त्याच आठवड्यात एका बाळाच्या आईने शिकवला होता.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकीला एक छोटं संशोधन करावं लागतं. ज्यांना बोलता येतं त्यांना आमच्या मॅडमनी कॅन्सर वॉर्ड दिला. केमोथेरपी चालू असलेल्या मुलांच्या आयांशी बोलायचं, मूल काय खातं, काय पोटात राहतं ते समजून घ्यायचं, आणि रडू आलं तर बाहेर येऊन रडायचं. माझ्याकडे बघून मॅडम म्हणाल्या, "तू निरोगी बाळांकडे जा. ती बोलत नाहीत, तू पण बोलत नाहीस. जमेल तुमचं."

तर सहा महिने पूर्ण झालेली बाळं आईच्या दुधाशिवाय काय खातात, हा माझा विषय. एका मैत्रिणीच्या वाट्याला उत्तनकडचं चौक हे कोळ्यांचं गाव आलं आणि तिला पहिल्याच दिवशी सुके बोंबील भेट मिळाले. माझ्या वाट्याला ही गल्ली आली, आणि आजी.

चहा घेऊन दोघी बाहेर आल्या. मी घसा साफ केला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "तुम्ही दिलेली माहिती गुप्त ठेवली जाईल."

"आमच्याकडे गुप्त काय असणार?" आजी म्हणाल्या. "अख्खी बिल्डिंग जिन्यातूनच बोलते."

"बालकास पूरक आहार सुरू केला आहे का?"

आजींनी सुनेकडे पाहिलं, सुनेने बाळाकडे. मग आजींना उमगलं. "हां, अंगणवाडीचं पाकीट ना? ते आम्ही नाही घेत."

"नाही, म्हणजे... अन्न."

"अन्न कसं देणार? उष्टावण कुठे झालंय अजून? आमच्यात मामाने पहिला घास भरवल्याशिवाय बाळाच्या तोंडात दाणा जात नाही. आणि याचा मामा आहे जहाजावर. आज येतो, उद्या येतो, चाललंय."

उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला घास, एवढं मला माहीत होतं. टीव्हीच्या शेजारी काचेच्या कपाटात चांदीची वाटी आणि चमचा ठेवला होता. आजी ती वाटी दर आठवड्याला दंतमंजनाने घासत असाव्यात. इतकी चकचकीत वाटी मी फक्त दुकानात पाहिली होती.

मग मी बाळाचं वजन घ्यायला झोळीचा काटा काढला. "भाजीवाल्यासारखा काटा घेऊन फिरते," असं पुटपुटत आजी कप विसळायला आत गेल्या. काट्यावरचा आकडा चांगला होता. आठव्या महिन्यात नुसत्या आईच्या दुधावर असलेल्या बाळाच्या मानाने जरा जास्तच चांगला. मी सुनेकडे पाहिलं. ती माझ्याकडे वाकली आणि कुजबुजली, "गुप्त म्हणजे गुप्तच ना, ताई?"

मी मान हलवली.

"वरचं खातो तो," असं म्हणून तिने डोळे छताकडे नेले.

मीही छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता. त्याच्या वर तिसरा मजला. मी प्रामाणिकपणे लिहून घेतलं : बाळाला वरच्या मजल्यावरून जेवण येतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते वाक्य वाचलं आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आमच्या मॅडम केरळच्या. घरी मल्याळम, वर्गात इंग्लिश, आणि मराठी वॉर्डात शिकलेल्या. त्या मला म्हणाल्या, "अगं बाई, वरचं म्हणजे आईच्या दुधाशिवाय जे देतात ते. वरचं दूध, वरचं खाणं. मजला नाही ग. तू मराठी ना?"

वर्गात मी त्या दिवसापासून 'वरचा मजला' झाले. कॅन्टीनमध्ये कोणी मला समोसा दिला तरी विचारायचं, "वरचं चालू केलंस का?" मी ते वाक्य खोडलं. पुढच्या सगळ्या घरांत 'पूरक आहार' सोडून 'वरचं' विचारायला लागले, आणि बायका खरोखरच माझ्याशी बोलायला लागल्या, हे कबूल करायला हवं.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा वजन घ्यायला त्या बिल्डिंगमध्ये गेले. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचते तोच वरून बाळाच्या खिदळण्याचा आवाज आला. तिसऱ्या मजल्यावरचं दार अर्धं उघडं होतं. आत सून जमिनीवर बसली होती, तिच्या मांडीवर बाळ, आणि समोर एक गुजराती बेन हातात स्टीलची वाटी घेऊन, "आ करो, आ करो," म्हणत मऊ मुगाची खिचडी भरवत होत्या. बाळाच्या हनुवटीवर हळद, नाकावर तूप.

मला पाहून सून दचकली. बेन अजिबात दचकल्या नाहीत. "आवो, बेसो," त्या म्हणाल्या. "नीचे सासूजी को बोलना नहीं, हाँ. बच्चे को भूख लगती है तो वो मामा का पता नहीं पूछता."

म्हणजे वरचं म्हणजे वरचंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं मराठी बरोबर निघालं होतं, आणि मी ते खोडून बसले होते.

सुनेने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी बाळाला कोवळं ऊन द्यायला सांगितलं होतं. त्या उन्हाच्या निमित्ताने ती रोज गच्चीवर निघायची आणि तिसऱ्या मजल्यावर थांबायची. आजींचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या जिना चढून येण्याचा प्रश्न नव्हता. हल्ली ऊन दिवसातून दोनदा लागत होतं. एकदा तर ढग होते तरी लागलं.

"आणि आईंना काहीच कळलं नाही?" मी विचारलं.

"परवा म्हणाल्या, याला ढेकर हिंगाची कशी येते? मी म्हटलं, मी खाते ना, दुधातून उतरत असेल."

बेन हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, "पण अब क्या करेगी तू? मैं तो सोमवार को सूरत चली. बेटी की डिलिवरी है. दिवाली के बाद ही आना होगा."

सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिला हे माहीत होतं, पण मोठ्याने बोललेलं नको होतं. मामाच्या जहाजाचं काही खरं नव्हतं, त्याच्या तिथल्या नोकरीची मुदत आणखी वाढली होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, तुम्ही बायका ठरवा, आणि मोबाइल चार्जिंगला लावायचा. बाकीच्या मजल्यांवर जावं तर तिथल्या सगळ्या आजींच्या भजनी मंडळात. स्वतःच्या स्वयंपाकघरात काही शिजवावं तर आजी कुकरच्या शिट्टीवरून आत डाळ आहे की भात ते सांगायच्या.

"वरचं बंद झालं की हा काय खाणार, ताई?" ती म्हणाली. "दूध आता पुरत नाही याला. तुम्ही बोला ना आईंशी. तुम्ही नर्स आहात. फक्त हे वरचं सांगू नका."

मी मान हलवली. ही माझी मान कशालाही हलते.

घरी येऊन मी आरशासमोर सराव केला. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला दुधासोबत घट्टसर, मऊ जेवण लागतं, नाहीतर वाढ मागे पडते. आरशाला पटलं. त्या संध्याकाळी कॅन्सर वॉर्डातल्या मैत्रिणीचा फोन आला. मी तिला मामाची, जहाजाची, सगळी गोष्ट सांगितली. तिला हसवायला सांगितली होती. ती हसली, मग म्हणाली, "आमच्याकडे पोराने दोन चमचे खाल्ले आणि ते पोटात राहिले तर आई मला बोलावून दाखवते. तुझं पोर आ करून बसलंय ग. बोल ना काहीतरी."

मग मी आईला विचारलं, "आपल्यात उष्टावण कसं असतं?"

आई भाजी निवडत होती. "आपल्यात? आपल्यात ज्या दिवशी तुझ्या बाबांना सुट्टी मिळाली त्या दिवशी झालं."

"पण घास कोणी भरवला?"

"गर्दी होती ग. ज्याच्या हातात चमचा होता त्याने."

एवढ्या भांडवलावर मी मंगळवारी गेले. तिसऱ्या मजल्याच्या दाराला कुलूप होतं. खाली सून पिशवी घेऊन दूध आणायला निघालेली भेटली. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं परीक्षेला जाणाऱ्याकडे पाहतात. बाळ घरात आजींकडे होतं आणि किरकिरत होतं. आजींनी त्याला खुळखुळा दिला, त्याने तो तोंडात घालून चावला. चावी दिली, तीही चावली. आजींनी स्वतःचं बोट दिलं, ते सगळ्यात जोरात चावलं.

मी पाठ केलेलं सगळं म्हटलं. अडखळत, पण म्हटलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं?" त्या म्हणाल्या. "बोलतेस की चांगली. पण हे मला टीव्हीवरची बाई पण सांगते. आमच्यात मामाशिवाय होत नाही."

'आमच्यात' हा शब्द आला की पुढे रस्ता बंद. त्याला कुठलंही पुस्तक चालत नाही, हे मी एवढ्या घरांत फिरून शिकले होते. बाळाने आता माझ्या ओढणीचं टोक खायला घेतलं.

थोड्या वेळाने आजींनी, अगदी सहज, भिंतीकडे बघत विचारलं, "वरच्या बेन कधी येणार म्हणाल्या?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"अशी बघू नकोस. माझे गुडघे गेलेत, नाक नाही. माझ्या फोडणीत मेला चिमटीभर हिंग नसतो आणि याला ढेकर हिंगाची. म्हणे दुधातून उतरतो." आजींनी बाळाच्या गालावर बोट टेकवलं. "आणि ढग भरून आले असताना कुठलं ऊन?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर वर जाणं बंद करावं लागलं असतं. पोर भरत होतं अंगाने. मी रोज म्हणायचे, सूनबाई, ऊन दिलंस का?"

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. आजी मात्र हसत नव्हत्या.

"आता पंचाईत माझी झालीय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना मीच सांगून ठेवलंय, मामाशिवाय नाही म्हणून. परळच्या नणंदेला सांगितलं, भजनात सांगितलं. सुनेच्या माहेरी तर तीनदा ऐकवलं. आता मीच कशी भरवू? तोंड कुठे लपवू? आणि मला कळलं होतं हे सुनेला कळलं तर माझं काय उरलं घरात?"

त्यांनी काचेच्या कपाटाकडे पाहिलं. "खालच्या मजल्यावर विचारलं, त्यांच्यातही मामाच. समोरच्या बिल्डिंगमध्ये फोनवर विचारलं, तिथे मामा नाहीतर आजोबा. आमच्याकडे आजोबाही राहिले नाहीत. कोणाच्यात तरी दुसरं काही असेल की नाही?"

दारात चपला वाजल्या. सून दूध घेऊन आली होती आणि उंबऱ्यातच थांबली होती. तिने शेवटचं तेवढंच ऐकलं असावं. ती माझ्याकडे बघत होती, आजीही माझ्याकडे बघत होत्या, आणि दोघींचं गुपित एकच असून दोघींनी ते वेगवेगळं माझ्याकडे ठेवलं होतं. गॅसवर कसलंसं पातेलं होतं. वेलचीचा वास येत होता. खिरीला वेलची घालतात, एवढं मलाही कळत होतं.

"का ग," आजी मुद्दाम जरा मोठ्याने म्हणाल्या, "तुमच्यात काय असतं?"

माझ्या डोळ्यांसमोर भाजी निवडणारी आई आली. बाळ माझी ओढणी धरून आ करून बसलं होतं. संशोधन करणाऱ्याने खोटं लिहू नये, असं मॅडमनी आम्हाला पुन्हा पुन्हा शिकवलंय. बोलण्याबद्दल त्यांनी काही सांगितल्याचं मला आठवेना.

"आमच्यात मामा नसला की मावशी भरवते," मी म्हणाले. "आणि मी आलेच आहे."