मुहूर्तापर्यंत पिशवीत

कुठल्याही समारंभात "मुहूर्ताला अजून वेळ आहे, जरा थांबा" असं कोणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोडून दे आता. नाही सोडत. दोन माशांपायी ही अजून धुमसतेय, असं ते पाहुण्यांना हसत सांगतात. सांगू देत.

तेव्हा आम्ही बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहत होतो आणि त्यांतली एक माशांची होती. बाबा एका कारखान्यात लेथ चालवत. आयुष्यातली चांगली वर्षं तिथे घातल्यावर त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. इच्छा कोणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. रिकामा बसून माणूस खचेल, अशी आईला धास्ती होती. पण बाबांनी मासे पाळायचा जुना नाद पुन्हा धरला, लोखंडी स्टँडवर काचेच्या टाक्या रचल्या आणि हळूहळू शहरातली दुकानं आमच्याकडून मासे नेऊ लागली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पॅकिंग माझ्याकडे होतं.

मासा पाठवायचा म्हणजे दोन दिवस आधी त्याचं खाणं बंद. आईला हे कधीच पटलं नाही, प्रवासाला निघालेल्याला उपाशी धाडायचं म्हणजे काय! पण भरल्या पोटी मासा पिशवीतलं पाणी घाण करतो आणि त्याच पाण्यात मरतो. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. खालचे कोपरे रबरबँडने बांधायचे, नाही तर मासा तिथे जाऊन अडकतो. वरून दुसरी पिशवी, बाहेरून वर्तमानपत्र, म्हणजे अंधारात तो शांत राहतो. मग थर्माकोलचं खोकं आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी. पोचल्यावर बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची. मग एक हात पिशवीत आणि एक हात टाकीत घालायचा. दोन्ही हातांना पाणी सारखं लागलं की मासा सोडायचा. हे शेवटचं बाबा माझ्याकडून दर वेळी वदवून घेत. मी वैतागून म्हणायचे, "बाबा, मी काय पहिलीत आहे का?"

हिंजवडीला तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या. तिथल्या एका कंपनीला स्वागतकक्षात मोठी टाकी हवी होती. त्यांचा व्यवस्थापक आमच्या घरी आला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल, गळ्यात ओळखपत्र. आमच्याकडे डिस्कसची एक जोडी होती. हा मासा बशीसारखा गोल आणि चपटा, निळ्या रेघांचा, आणि स्वभावाने फार नाजूक. बाबांनी ती जोडी बोटाएवढी असल्यापासून वाढवली होती. दारात बाबांची चप्पल वाजली की दोघं काचेला येऊन भिडत. ती विकायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

व्यवस्थापक म्हणाला, "सर, हेच पाहिजेत. प्लीज सर."

कारखाना सुटल्यापासून बाबांना कोणी सर म्हणालं नव्हतं. खरं तर कारखान्यातही म्हणालं नव्हतं. बाबा हो म्हणाले.

टाकी आम्ही आठवडाभर आधी बसवली, पाणी भरलं, हीटर लावला. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी सात पिशव्या बांधल्या. पाच साध्या एंजल माशांच्या आणि दोन डिस्कसच्या, तिहेरी. बाबा तापाने पडून होते. ते अंथरुणातूनच म्हणाले, "नीट ने गं त्यांना." मी म्हटलं, "जिवंत पोचवते, झोपा तुम्ही." ओळखीच्या काकांच्या रिक्षेतून कात्रजवरून, वारज्यावरून हिंजवडी गाठली. दर खड्ड्याला खोकं मांडीवर उचलून धरलं. खोकं उघडून पाहिलं तेव्हा साडेदहा वाजले होते आणि सातही मासे ठणठणीत होते.

आणि मग मला सांगण्यात आलं की थांबा.

"मॅडम, मुहूर्त बारा पस्तीसचा आहे. त्याआधी पाण्याला टच नाही करायचं. हेड ऑफिसचे सर स्वतः मासे सोडणार आहेत," व्यवस्थापक म्हणाला.

काचेची इमारत, सातासमुद्रापलीकडचं काम, आणि मासे पाण्यात कधी जाणार हे पंचांग ठरवणार! मी म्हटलं, निदान पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवू द्या. नाही. म्हटलं, मग खोकं तरी बंद ठेवा. तेही नाही. पाहुण्यांना दिसायला हवेत म्हणून पिशव्या चांदीच्या ताटांत मांडल्या, शेजारी हळद-कुंकू. मी हात धुऊन येईपर्यंत कोणीतरी रबरबँड काढून पिशव्यांची तोंडं उघडली होती. "गुदमरत होते बिचारे, जरा हवा लागू दे," असं स्वागतिका मला प्रेमाने म्हणाली. आत भरलेला सगळा ऑक्सिजन तिने दयेपोटी सोडून दिला होता.

साहेब बारा पस्तीसला आले नाहीत. पूजेला बोलावलेल्या गुरुजींनी लगेच एक वाजून दहाचा मुहूर्त काढला. एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना दोन्ही डिस्कस पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकू लागले. मी पुन्हा सांगायला गेले. व्यवस्थापक फोनवर होता, त्याने मला हातानेच थांबवलं. बाजूला हो, असा तो हात होता. बाबांनाही त्या कारखान्यात कोणीतरी असाच हात केला असणार, असं माझ्या मनात आलं आणि माझा तोल गेला.

मी ताटं टाकीजवळ ओढली. टाकीसमोरची रिबन तशीच बाजूला सारली, स्टुलावर चढले आणि एकेक पिशवी टाकीत उपडी केली. धाड, धाड, धाड. "घ्या, हा तुमचा मुहूर्त!" मी ओरडले. लोकांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. टाळ्या वाजल्या. फोटो निघाले.

एंजल मासे तळाशी गेले, थोडा वेळ थांबले आणि पोहू लागले. डिस्कस काळे पडले, आडवे झाले आणि अर्ध्या तासात संपले. जाळी घेऊन मी पाण्यात हात घातला तेव्हा कळलं, पाणी गार होतं. रोषणाईच्या माळेसाठी कोणीतरी हीटरचा प्लग काढून ठेवला होता आणि वरून रात्रंदिवस एसी चालू होता.

व्यवस्थापक जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, रिप्लेस होतील ना? सेम साइजमध्ये?" त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ते दोन मासे मी त्यांच्याच पिशवीत घालून घरी आणले. रस्ताभर मनात एकेकाला फाडून खात होते, साहेबाला, गुरुजींना, प्लग काढणाऱ्याला, त्या दयाळू बाईला. बाबा उठून बसले होते. मी सगळं सांगितलं, ओरडून, रडून, एकही माणूस न सोडता.  बाबा पिशवी हातात घेऊन बघत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "सोडायच्या आधी पाण्यात हात घातलास?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"चिडली होतीस," ते म्हणाले. मग उठून भिंतीला धरत माशांच्या खोलीत गेले आणि त्या जोडीच्या रिकाम्या टाकीचा हीटर त्यांनी बंद केला.