ताईनं आणलेला नीलम

वर्ध्यात सराफाच्या दुकानात खडे बसवण्याचं काम करता करता माझी वीस वर्षं गेली. पुष्कराज घ्यायला येणारे मुलीच्या लग्नाचं बोलतात, भावावरून घासाघीस करतात. नीलम घ्यायला येणारे गप्प असतात. साडेसाती आहे म्हणतात, आणि त्यांच्याकडे पाहिलं की पुढचं विचारावंसं वाटत नाही.

माझी मोठी बहीण तशीच आली. अल्लीपूरला भाऊजींचं किराणा दुकान होतं. त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सहा महिने दवाखाने झाले. शेवटी ताईनं पाटल्या मोडून नागपूरच्या एका ज्योतिषाकडून नीलम आणला. कापसात गुंडाळलेला खडा तिनं माझ्यासमोर ठेवला.

"पाह्य बरं, खरा हाय ना?"

मोराच्या मानेसारखा गर्द निळा, कुठे डाग नाही. तिथंच मला खटकलं. खऱ्या नीलमात काहीतरी असतंच. रेशमासारखे बारीक तंतू असतात, नाहीतर रंगाचे सरळ पट्टे. इतका गर्द आणि इतका स्वच्छ नीलम आमच्या दुकानात कधी आलाच नव्हता; पाटल्यांच्या पैशांत तर तो येणं शक्यच नव्हतं. भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले. काच होती.

"दंडाले बांधला तवापासून त्यायचं उजव्या हाताचं बोट हालून राह्यलं," ताई म्हणाली. किती महिन्यांनी ती हसत होती.

"खरा हाय, ताई."

काचेनं काय बिघडणार, असं मला वाटलं. चांदीच्या अंगठीत, खालून उघडा, कातडीला टेकेल असा तो मीच बसवून दिला. शनिवारी तिनं ती भाऊजींच्या मधल्या बोटात घातली.

दोन आठवड्यांत त्यांना दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

नीलम फळतोही लवकर आणि उलटतोही लवकर, असं आमच्याकडे सगळेच मानतात. म्हणून तर आधी तीन दिवस दंडाला बांधून पाहतात. वाईट स्वप्न पडलं तर खडा परत करतात. तेरवीला ताईची सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "माह्या पोराले नीलम सोसला नाई."

पुढं एकदा ताई मला म्हणाली, "दंडाले बांधला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते रडून राह्यले होते रे. सपन पडलं असंन. तोंडानं कसं सांगतीन? मी बोट हाललं तेवढंच पाह्यलं."

वर्षभर ती तेच बोलत राहिली. जेवण सुटलं, दुकानाला कुलूप लागलं. मला सहन होईना. दिवाळीनंतर अल्लीपूरला गेलो आणि तिच्यासमोर बसून सांगितलं, "ताई, तो नीलम नव्हता. काच होती. काचेनं कोणाले काई होत नाई. तुह्यामुळं काईच झालं नाई."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"म्हणजे मी त्यायच्यासाठी काईच केलं नाई," ती म्हणाली.

"तसं नाई, ताई..."

"अन् तुले माहीत होतं."

मी मान खाली घातली. तिनं सूप उचललं आणि आत गेली. मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. चहा आला, तो भाचीच्या हातून.

त्यानंतर ताई माझ्या घरी आली नाही. मी फोन केला तर बोलते, तब्येत विचारते. पण राखी आता पोस्टानं येते. दुकानात अजूनही लोक नीलम घेऊन येतात आणि विचारतात, खरा आहे का. मी मालकांकडे बोट दाखवतो.